आरामखुर्ची मी घेतलेली नाही

टॅमरॅक लेक, मिनेसोटा
गुरुवार, १८ जानेवारी २०१८
सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं (घड्याळ मी दुरुस्त केलेलं आहे, तेव्हा वेळ बरोबर आहे)

प्रिय आर्डिसताईस,

धाकट्या भावाचा, म्हणजे नॉरव्हालचा, कमरेत जमेल तितका वाकून नमस्कार.

ज्या टेबलावर हे पत्र लिहितो आहे ते मी केलं. ज्या खुर्चीवर बसलोय ती मी केली. समोरच्या खिडकीची चौकट मी केली, त्या खिडकीतून गोठलेल्या तळ्यावर जी मासेमारीची झोपडी दिसते ती मी केली, आणि तिच्या अलीकडे बर्फात उलटी पडलेली सीडरची होडीही मीच केली (सतरा फूट साडेतीन इंच, वॉल्टदाजी सगळीकडे सोळा फूट सांगत फिरतात, त्यांच्या कानावर घाल). पाठीमागचा लाकडं जाळायचा स्टोव्ह मी जोडला. कोपऱ्यातला खुंट्यांचा फळा मी केला. कागद तेवढा विकतचा. कागदही एकदा करून पाहिला होता, पण लव्हाळी शिजवताना असा वास सुटला की मार्लिस दोन दिवस तिच्या आईकडे जाऊन राहिली. तिचं आणि तिच्या आईचं किती पटतं हे तुला ठाऊक आहे. त्यावरून वासाची कल्पना यावी.

तुमच्या तब्येती ठीक असतील. दाजींचा गुडघा कसा आहे? (डावा. तू कार्डात उजवा लिहिलं होतंस.) इथे आज उणे बावीस आहे. मार्लिस मजेत आहे, चर्चच्या तळघरात सात तारखेच्या रविवारच्या जेवणाला तिच्या भट्टीत भाजलेल्या बटाट्याच्या हॉटडिशचं भांडं सगळ्यात आधी रिकामं झालं, त्यामुळे आठवडाभर तिचा मूड चांगला आहे. म्हणजे होता. पुढे सांगतो.

फोनच केला असता, पण तू उचलत नाहीस. रागाचं कारण मला मान्य नसलं तरी माहीत आहे. नाताळात मी पाठवलेल्या लाकडी माशाबद्दल तू आभाराचं कार्ड लिहिलंस, त्यात त्याला ‘गोड डॉल्फिन’ म्हटलंस, आणि मी फोन करून तो पाइक माशांना भुलवायचा सकर जातीचा मासा आहे, डॉल्फिन मुळात मासाच नाही, आणि मिनेसोटाच्या तळ्यात बर्फाला भोक पाडून डॉल्फिन सोडला तर पाइक मासे जवळ यायच्या ऐवजी पळून जातील, एवढंच सांगितलं. चाळीस मिनिटं सांगितलं असं तू मार्लिसला म्हणालीस. सदतीस. असो. नऊ तारखेपासून अकरा वेळा फोन लावला. निरोप ठेवता आला असता, पण तुमच्या घरी निरोपाचं यंत्र दाजी सगळ्या शेजाऱ्यांना मोठ्याने ऐकवतात. आणि जे सांगायचंय ते सगळ्या ॲरिझोनाने ऐकावं असं नाही.

तर ऐक. सप्टेंबरात मला एक बिल आलं. फ्लोरिडातल्या एका फर्निचरच्या दुकानाचं. म्हणे मी त्यांच्याकडून हप्त्यांवर एक आरामखुर्ची घेतली. बटण दाबलं की मागे कलणारी, पाठीला मालिश करणारी, आणि दोन्ही हातांवर कप ठेवायला भोकं असलेली. ताई, मी, नॉरव्हाल टॉलेफसन, ज्याने वयाच्या एकोणिसाव्या वर्षापासून बूड टेकायला एकही वस्तू विकत घेतलेली नाही! कोणा भामट्याने माझं नाव, जन्मतारीख आणि सोशल सिक्युरिटीचा नंबर मिळवून माझ्या पतीवर उधारी केली होती. (पत म्हणजे बाजारातली माझी अब्रू. मागचं वाक्य वाचून दाजी काहीतरी विनोद करतील म्हणून आधीच सांगितलं.) चोरी झाली याचं मला तेवढं वाटलं नाही. हा इसम माझ्या नावाने मोटार घेता, बोट घेता, तरी मी समजून घेतलं असतं. पण भुसा दाबून केलेली, खिळ्यांऐवजी पिना मारलेली, नकली चामड्याची खुर्ची? माझ्या नावाने?

तक्रार लिहायला शेरिफचा डेप्युटी रॉय हाल्व्हर्सन आला. त्याने कॉफीचे दोन कप रिचवले, मार्लिसच्या लिंबाच्या तीन वड्या खाल्ल्या आणि लिहिता लिहिता तो म्हणाला, “नॉर्व्ह, मालिश पण करते म्हणे?”

मी म्हटलं, “रॉय, तू गुन्हा लिही.”

“लिहितोय ना. पण भोकं दोन कशाला रे? माणूस तर एकच बसतो.”

यावर मार्लिस इतकी हसली की तिला सिंकचा आधार घ्यावा लागला. मी त्या दोघांना शांतपणे सांगितलं की हा प्रश्न फ्लोरिडाला विचारा.

रॉयनेच सांगितलं की पत गोठवून टाक. आपल्या देशात तीन कंपन्या आहेत, ज्यांच्याकडे तुझी, माझी, सगळ्यांची कुंडली असते: कोण कुठे राहिला, कोणी कशाचे हप्ते भरले, कोणी बुडवले. त्यांना सांगून आपली कुंडली गोठवली की आपल्या नावाने कोणालाच नवं कर्ज मिळत नाही. आपल्यालाही नाही. ती पुन्हा मोकळी करायची तर प्रत्येक कंपनी एक गुप्त आकडा देते, तो सांगावा लागतो. तीन कंपन्या, तीन आकडे. मी तिन्हीकडे त्याच आठवड्यात गोठवून टाकलं. शिवाय खुर्चीची नोंद काढून टाका म्हणून तिघांनाही प्रत्येकी चौदा पानी पत्र लिहिलं, त्यात माझ्या हातच्या खुर्चीचे सांधे आणि त्या दुकानी खुर्चीचे सांधे शेजारी शेजारी काढून दाखवले, म्हणजे कोणाही समंजस माणसाला कळावं की हे गिऱ्हाईक मी असू शकत नाही. मार्लिस म्हणाली, “सांधे कोण बघणार आहे?” मी म्हटलं, जगात अजून बघणारे आहेत.

आकडे कुठे ठेवायचे यावरून थोडा वाद झाला. मार्लिसचं म्हणणं, स्वयंपाकघरातल्या खणात वही आहे, तिच्यात लिही. त्या खणात रबरबँड, कुपनं, जुन्या बॅटऱ्या आणि आमच्या लग्नाचा दाखला आहे. चोर घरात शिरला तर आधी तोच खण उघडेल. मी माझी स्वतःची पद्धत काढली. ती इथे लिहीत नाही (पत्रं फुटतात), पण अशी जागा की चोराने हातात घेऊन उलटसुलट पाहिली तरी त्याच्या लक्षात येणार नाही. कागद जळतो, कॉम्प्युटर बिघडतो, माणूस विसरतो. माझी पद्धत पाण्यात बुडवली तरी टिकते. या पद्धतीबद्दल मला अजूनही काही कमीपणा वाटत नाही. दोष पद्धतीत नव्हता.

आता मुख्य गोष्ट. नऊ तारखेला, मंगळवारी, व्हर्ना लुंडीन आली. ऑर्व्हिल लुंडीनची होड्यांची शेड तुला आठवत असेलच, धक्क्याच्या उजव्या हाताची, जिच्या छपरावरून तू उडी मारली होतीस आणि शिक्षा मला झाली होती. तिथेच मी रंधा धरायला लागलो. लोक म्हणतात लुंडीनने मला शिकवलं. लुंडीनने मला काहीही शिकवलं नाही, फक्त हाकललं नाही. पण न हाकलणारे गावात ते एकटेच होते. ते गेल्यापासून शेड त्यांच्या मुलीच्या, म्हणजे व्हर्नाच्या, नावावर आहे, पण बंद. लाकूड वाकवायची वाफेची पेटी, साचे, अठरा फुटी बाक, सगळं जागच्या जागी. व्हर्ना कोट न काढताच बसली आणि म्हणाली, “नॉरव्हाल, शहरातला एक माणूस शेड मागतोय. पाडून तिथे लग्नाचा हॉल बांधणार. तळ्याकडे काचा लावणार म्हणतो. मला ती तुला द्यायचीय, त्याच्याहून कमी भावात द्यायचीय. पण थांबून किती थांबू? सव्वीस तारखेच्या शुक्रवारी दुपारी बारापर्यंत सांग. त्यानंतर मी त्याला हो म्हणणार.”

मी तिला तिथल्या तिथे हो म्हटलं. ताई, मार्लिसला न विचारता एवढं मोठं हो मी दुसऱ्यांदाच म्हटलं. पहिलं तिलाच म्हटलं होतं. आणि मार्लिसने तक्रार केली नाही. ती फक्त म्हणाली, “बरं झालं, लाकडाचा भुसा एकदाचा माझ्या दिवाणखान्यातून जाईल.”

पतपेढीत जीन सॉर्विग बसतो. त्याने कर्जाचे कागद भरले आणि मान हलवली. “नॉर्व्ह, मी तुला ओळखतो. तुझ्या बापाला ओळखत होतो. माझी तिन्ही पोरं तू केलेल्या पाळण्यात झोपली. पण कॉम्प्युटर तुला ओळखत नाही. तिन्ही कुलपं काढून ये.”

मी घरी आलो आणि पहिलं कुलूप अकरा मिनिटांत काढलं. दुसरं नऊ मिनिटांत. तिसऱ्या कंपनीचा आकडा त्या वेळी जरा हाताशी नव्हता. (त्याबद्दल पुढे.) म्हटलं, हरकत नाही, फोन करू, आकडा नसला तर ते चार प्रश्न विचारून तुम्ही तुम्हीच आहात याची खात्री करून घेतात. मी मीच आहे, यात मला एकसष्टावं लागेपर्यंत कधी शंका आलेली नव्हती.

फोनवर योलांडा नावाची बाई होती. आवाज इतका गोड की मी तिला टेबलाविषयी थोडं सांगितलं. पहिले तीन प्रश्न मी बिनचूक सोडवले. एका पत्त्यात त्यांनी ‘रस्ता’ लिहिलं होतं तिथे ‘गल्ली’ हवं, तेही सुचवलं. मग चौथा प्रश्न आला. “सर, मागच्या ऑगस्टमध्ये तुम्ही यापैकी कुठल्या दुकानातून हप्त्यांवर खरेदी केलीत?” चार पर्याय. ओहायोतला सराफ, टेक्ससमधलं गाद्यांचं दुकान, फ्लोरिडातलं फर्निचरचं दुकान, आणि यापैकी एकही नाही.

मी म्हटलं, “यापैकी एकही नाही.”

“सर, घाई नाही. पर्याय पुन्हा वाचू?”

“वाचा. उत्तर तेच राहील.”

“सर, मला उत्तर सांगायची परवानगी नाही. पण मी आपली सावकाश वाचते हं. ओहायोतला सराफ. टेक्ससमधलं गाद्यांचं दुकान.” आणि मग, देवाशपथ, तिने खोकून घसा साफ केला. “फ्लोरिडातलं. फर्निचरचं. दुकान.”

स्वयंपाकघरातून मार्लिस ओरडली, “अहो, म्हणा ना घेतली म्हणून! कोणाचं काय जातंय?”

“मी घेतलेली नाही!”

“ठाऊक आहे हो! सगळ्या गावाला ठाऊक आहे! पण तिला म्हणा घेतली!”

ताई, तू न्याय कर. मी मीच आहे हे सिद्ध करायला मला म्हणावं लागणार की मी तो चोर आहे. खरं बोललो तर मी खोटा, आणि तो फ्लोरिडातला इसम, पाय लांब करून, दोन्ही भोकांत दोन कप ठेवून, फोन उचलून “हो हो, घेतली की” म्हणाला असता तर तो नॉरव्हाल टॉलेफसन! त्या क्षणी तो माझ्यापेक्षा जास्त मी होता. मी नाही म्हटलं. योलांडाने उसासा टाकला आणि सांगितलं की अशा तीन संधी मिळतात, त्यातली एक संपली.

शुक्रवारी, बारा तारखेला, दुसरी संपली. तोच प्रश्न, तेच उत्तर. या वेळी फोनवर कोणी पुरुष होता आणि तो खोकला नाही.

मग घरात बोलणं बंद. शनिवार, रविवार मार्लिसने माझ्याशी फक्त मीठ पुढे करण्यापुरता संबंध ठेवला. सोमवारी ती अंगात कोट चढवून मला धक्क्यावर घेऊन गेली आणि शेडच्या खिडकीवरचं बर्फ हातमोज्याने पुसून म्हणाली, “आत बघा.” मी पाहिलं. अठरा फुटी बाक. साचे भिंतीला टांगलेले, प्रत्येकावर लुंडीनच्या हातचा खडूचा आकडा. “तुम्ही खरं बोललात म्हणून हे सगळं पाडलं, असं व्हर्नाला तुम्ही सांगणार की मी सांगू?” तिने एवढंच विचारलं. तीस वर्षांत तिने मला वादात दोनदा हरवलंय. ही दुसरी वेळ.

मंगळवारी सोळा तारखेला मी तिसऱ्यांदा फोन केला. उभं राहून केला. बसून तसलं बोलणं मला जमलं नसतं, खुर्चीला काय वाटेल. योगायोगाने पुन्हा योलांडाच. प्रश्न आला. मी डोळे मिटले, आणि आयुष्यभराची कमाई घशाखाली ढकलून म्हटलं, “फ्लोरिडातलं फर्निचरचं दुकान.” एवढ्यावर थांबायचं, पण अर्धवट काम मला होत नाही, म्हणून पुढे म्हटलं, “आरामखुर्ची. कलणारी. मला फार आवडते.”

मग ती अगदी हळू म्हणाली, “अरेरे, सर.”

झालं असं होतं की माझं चौदा पानी पत्र तिथे कोणीतरी वाचलं होतं. सांध्यांच्या आकृत्यांसकट. आणि सोमवारी, म्हणजे मी शेडच्या खिडकीत नाक लावून उभा असताना, त्यांनी माझी हरकत मान्य करून खुर्चीची नोंद कायमची पुसून टाकली होती. आता बरोबर उत्तर होतं, ‘यापैकी एकही नाही’. काल त्यांचं पत्रही आलं: सविस्तर कळवल्याबद्दल आभार, आकृत्या विशेष उपयोगी पडल्या. मी मार्लिसला म्हटलं, बघ, बघणारे आहेत. ती अजून काही बोललेली नाही.

तीन चुका झाल्यामुळे आता प्रश्नोत्तरांचा मार्ग बंद. टपालाने कागदपत्रं पाठवली तर सहा आठवडे. नाहीतर तो गुप्त आकडा हवा. योलांडा म्हणाली, “सर, आकडा कुठेतरी लिहून ठेवला असेल ना हो? बहुतेक लोक खणात ठेवतात.”

असो. नशीब म्हणायचं. तुम्ही तब्येतीला जपा, उन्हात टोपी घाला, आणि दाजींना होडीची लांबी आठवणीने सांग. मार्लिसचा (ती बोलत असती तर) नमस्कार.

तुझा भाऊ,
नॉरव्हाल

ता. क. तो मासा तू कुठे लावला आहेस? मार्लिसकडून कळलं की न्हाणीघरात, आणि त्याच्या शेपटीला टॉवेल अडकवता. अडकवा. तुझा आहे, तू काहीही कर. पण त्याचं पोट कशाने घासू नकोस. पॉलिशही नको.

दुसरा ता. क. आता उघडच लिहितो. हा मासा बर्फाखाली सोडायचा म्हणून त्याच्या पोटात शिसं ओतलेलं असतं, तुला बाबांच्या माशांवरून आठवेल. शिशावर डोक्याकडून शेपटीकडे बारीक ठशांनी उठवलेले दहा आकडे आहेत. खवले वाटावेत असे उठवलेत, म्हणून चष्मा लाव. दोन मासे इथे माझ्या फळ्यावर आहेत, त्यांच्या पोटावरून पहिली दोन कुलपं निघाली. तिसरा तुझ्या टॉवेलाखाली आहे. पत्र मिळताच फोन कर (मी उचलेन, पत्र शनिवारी पोचेल असं पोस्टातल्या बाईने लिहून दिलंय) आणि आकडे शेपटीकडून डोक्याकडे, म्हणजे उलटे वाच, कोणी ऐकत असलं तरी त्याच्या उपयोगाचे नाहीत. डॉल्फिन म्हणायचं असेल तर म्हण. मी काही बोलणार नाही. शुक्रवारी बाराच्या आत, ताई.

तिसरा ता. क. यावरून तुझ्या लक्षात येईलच, म्हणून मीच सांगतो: सोबतच्या चिठ्ठीत ‘खास तुझ्यासाठी कोरला’ असं मी लिहिलं होतं, ते बरोबर नाही. अकरा डिसेंबरला मार्लिसने विचारलं, ताईला काय पाठवताय? मी म्हटलं, तयार आहे. काहीच तयार नव्हतं. मी विसरलो होतो. मी फळ्याकडे गेलो आणि तिघांतला जो सगळ्यात सुरेख पोहत होता तो काढला. पोटावर काय आहे हे तेव्हा डोक्यात आलं नाही. सगळ्यात सुरेख तोच होता, हे मात्र खरं. तिघांनाही मी बाथटबमध्ये सोडून पाहिलेलं आहे.

चौथा आणि शेवटचा ता. क. शिकागोचा प्रेंटिस हेल नावाचा एक माणूस असले मासे जमवतो. त्याने जत्रेतल्या पहिल्या बक्षिसाच्या निळ्या फितीच्या फोटोत तुझा मासा पाहिला आणि तो शोधत माझ्या दारात आला. मी सांगितलं, तो आता माझ्याकडे नाही, बहिणीकडे आहे. तो म्हणाला, परत मागून घ्या, तिला दुसरा करून द्या, तिला काय कळणार आहे? आणि चेकबुक या टेबलावर उघडून त्याने आकडा लिहिला. मी चेक त्याच्याकडे सरकवला आणि त्याचा कोट आणून दिला. ही गोष्ट तीन जानेवारीची. व्हर्ना आली नऊ तारखेला. तोपर्यंत त्या पोटावरच्या आकड्यांची मला काही गरज नव्हती. तारखा हव्या तर मार्लिसकडून तपासून घे. दोन हजार सहाशे पन्नास डॉलर.